दोन तासांची बॅटरी

बाबांच्या हातातली ताकद कमी होतेय हे डॉक्टरांच्या आधी कचेरीतल्या एका कारकुनाच्या लक्षात आलं. त्याने बाबांनी टाइप केलेला एक अर्ज पक्षकाराच्या हाती परत पाठवला. अनुस्वार उमटलेलेच नाहीत म्हणाला. 'साहेबांना' असं असायला हवं तिथे 'साहेबाना' झालंय.

मराठी टाइपरायटरवर बाबांचा अनुस्वार डाव्या करंगळीखाली यायचा. बाबांनी फीत बदलली, कळांमध्ये तेल सोडलं, मशीन उलटं करून ब्रशने झाडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्यांनी उजव्या हाताच्या बोटाने ती कळ दाबून पाहिली. अनुस्वार काळाकुळकुळीत उमटला. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आईला आपली करंगळी दाखवली आणि म्हणाले, "मशीनला काय न्हाय झालं. माझंच कायतरी बिघडलंय."

हे नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांनी. त्याआधीची सगळी वर्षं, म्हणजे माझं सगळं लहानपण, बाबा भिवंडीच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्ज टाइप करायचे. वर ताडपत्री, खाली एक डुगडुगतं टेबल, समोर पक्षकारासाठी बाकडं. शाळा सुटली की मी त्याच बाकड्याच्या टोकाला बसून गृहपाठ करायची. आमचं घर कामतघरला. चाळीच्या मागची भिंत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्याला लागून, त्यामुळे घरी सगळे ओरडूनच बोलायचे. कोर्टाबाहेरची गडबड त्यापेक्षा बरी वाटायची.

बाबा मूळचे भिवंडी तालुक्यातल्याच दिघाशी गावचे. बोलण्यात शेवटपर्यंत हाय-न्हाय. पण बोटं मशीनवर ठेवली की वेगळाच माणूस. 'अर्जदार खालीलप्रमाणे विनम्रपणे सादर करतो की' हे वाक्य ते डोळे मिटून टाइप करायचे. लूमवरचे यूपी-बिहारचे कामगार यायचे. कुणाची रेशनकार्डाची अडचण, कुणाची खोलीवरून भांडणं. ते हिंदीत बोलायचे, रडायचे, मध्येच गावची गोष्ट सांगायचे. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि मग अर्धं पान मराठीत टाइप करायचे. एकदा एका म्हाताऱ्या कामगाराने कागद उलटसुलट करून विचारलं, "इतनाच? मैंने तो इतना सारा बोला."

बाबा म्हणाले, "चाचा, सरकार को इतनाच समझता है. बाकी मैंने सुन लिया ना."

तो म्हातारा हसला आणि चहा पाजून गेला.

करंगळीनंतर वर्षभरात डावा पंजा गेला. ठाण्याला दाखवलं, मग मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. मी तेव्हा राहनाळला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये क्लार्क होते, घरात मीच एकटी मिळवती. त्यांनी सांगितलं की हा नसांचा आजार आहे, स्नायू एकेक करून सुकत जातात, आणि यावर औषध नाही. "डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं," त्या म्हणाल्या. दिलासा म्हणून म्हणाल्या असाव्यात. पुढे मला वाटायचं की या आजाराचा सगळ्यात वाईट भाग तोच आहे.

मग पाय गेले. मग बोलणं जड झालं. आधी 'र' आणि 'ळ' गेले, मग आम्हा दोघींशिवाय कुणाला त्यांचं बोलणं समजेना, आणि मग आम्हालाही समजेना. आई पाटी घेऊन बसायची, मुळाक्षरांवरून बोट फिरवायची, हवं ते अक्षर आलं की बाबा डोळे मिटायचे. 'पाणी' शब्दाला पाच मिनिटं लागायची. उजव्या हाताची दोन बोटं अजून हलत होती, पण टाइपरायटरची कळ दाबण्याइतका जोर त्यांत नव्हता. मी एकदा मशीन त्यांच्या पुढ्यात ठेवून पाहिलं. कळ अर्ध्यावर खाली गेली आणि परत आली. कागद कोराच राहिला. बाबांनी मान वळवली. मी मशीन पुन्हा कधी काढलं नाही.

आमच्या गोडाऊनच्या ऑफिसात तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता. तो शिकायला मी गावातल्या एका क्लासला जात होते. क्लासचे सर तरुण होते, स्वभावाने शांत. एक दिवस मी त्यांना सहज विचारलं की कॉम्प्युटरची कळ इतकी हलकी कशी असते. का विचारताय म्हणाले, तेव्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मराठीचे फाँट मिळतात. कीबोर्ड अगदी टाइपरायटरसारखाच लावता येतो. तुमच्या बाबांना नव्याने काही शिकायला लागणार नाही."

मला त्या रात्री झोप आली नाही असं मी म्हणणार नाही. उलट कित्येक महिन्यांनी छान झोपले.

बाबांना टेबलाशी बसवणं शक्य नव्हतं. पाठीला उशा लावून खाटेवर अर्धवट बसवलं की ते तासभर टिकायचे, मग कुशीवर. म्हणजे मांडीवर किंवा खाटेवरच्या फळीवर मावेल असाच कॉम्प्युटर हवा. "लॅपटॉप लागेल," सर म्हणाले. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. नव्याची किंमत त्यांनी सांगितली तेव्हा मी हसलेच. ती रक्कम माझ्या दोन-तीन वर्षांच्या पगाराच्या वर होती. मग त्यांनीच सांगितलं की मुंबईत बाहेरून आलेले जुने लॅपटॉप मिळतात, रविवारी दुकानं बंद असतात, तो सोडून जाऊ.

सरांनी कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या. पडदा किती इंचाचा, बॅटरी किती वेळ चालते, किंमत किती. "तिन्ही एकदम मनासारखं मिळायचं नाही," ते म्हणाले. "काय सोडायचं ते घरूनच ठरवून निघा."

मी घरून ठरवून निघाले होते. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उताणं झोपलं की श्वास लागायचा, म्हणून डॉक्टर ऑपरेशनला तयार नव्हते. तेव्हा पडदा मोठा हवा. पण कामतघरला लाइटचा भरवसा नव्हता, कधी तासभर जायची, कधी अर्धा दिवस. बोलता न येणाऱ्या माणसाच्या पुढ्यात बोलण्याचं एकुलतं साधन ठेवायचं आणि ते वाक्याच्या मध्येच बंद पडायचं, ही कल्पना मला सहन होत नव्हती. तेव्हा बॅटरीही हवी. आणि किंमत तर माझ्या हातात नव्हतीच. थोडक्यात, मी काहीच ठरवलं नव्हतं.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं, एका अरुंद जिन्याने वर जायचं. दुकानदाराने काउंटरवर तीन लॅपटॉप मांडले. पहिला बारा इंचाचा, उजळ पडद्याचा, बॅटरी बरी. त्याची किंमत ऐकून सरांनीच तो बाजूला सरकवला. दुसराही तेवढ्याच पडद्याचा, माझ्या पैशांत बसणारा, पण बॅटरी मेलेली. प्लग काढला की तिथल्या तिथे बंद. तिसऱ्याचा पडदा वहीच्या अर्ध्या पानाएवढा, जरा फिकट, बाजूने पाहिलं तर काहीच दिसायचं नाही. पण बॅटरी दोन तास चालत होती.

"मॅडम, चलाना कहाँ है?" दुकानदाराने विचारलं. "ऑफिस में, के घर में?"

"बिस्तर पे," मी म्हटलं. "मरीज के लिए."

त्याने दुसऱ्या लॅपटॉपवर बोट ठेवलं. "तो ये लो. बिस्तर के पास प्लग होगा ना? आँख को आराम मिलेगा. बॅटरी का क्या करना है मरीज को?"

"हमारे यहाँ लाइट जाती है."

"कहाँ से?"

"भिवंडी."

"हाँ," तो म्हणाला, आणि त्याने तिसरा लॅपटॉप माझ्या पुढ्यात सरकवला.

सरांचंही मत दुसऱ्याकडेच झुकत होतं. लाइट गेली तर गेली, आली की परत सुरू करायचं, पण डोळ्यांचं काय, असं ते म्हणाले. मी तिसरा घेतला. दुकानदाराने प्लग काढून दाखवला आणि पडदा तसाच चालू राहिला, ते पाहून मला जो आनंद झाला, तो अजून आठवतो. आमच्या घरात आता एक अशी वस्तू येणार होती जिला लाइट गेल्याचं कळणारही नव्हतं.

पहिल्या दिवशी सर स्वतः घरी आले. त्यांनी फाँट टाकला, अक्षरं एवढी मोठी केली की पडद्यावर जेमतेम चार-पाच ओळी मावायच्या. बाबांची दोन बोटं आम्ही कळांवर ठेवली. बाबा पडद्याकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडे बघत होते. बोटं थोडी चाचपडली आणि मग चालू लागली. पडद्यावर आलं, 'अर्जदार यांस चहा मिळावा.'

आई वाचायला लागली. ती अक्षर लावून लावून वाचायची. 'चहा'पर्यंत पोचली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"बाबा, पडदा दिसतो का?" मी विचारलं.

त्यांनी टाइप केलं, 'टायपिस्ट कधी कागद बघतो का.'

मला ते उत्तर पुरेसं वाटलं. दिसतो का, याचं ते उत्तर नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. अठरा इंचांवरून त्यांना त्या फिकट पडद्यावर एक उजेडाचा चौकोन फक्त दिसत असणार. पण बाबांना जन्मभराची सवय होती, बोटांनाच ठाऊक असायचं काय उमटलंय. आणि बाबांना मला दुखवायचं नव्हतं.

जाताना सर एक गोष्ट बजावून गेले. या मराठीच्या प्रोग्राममध्ये लिहिलेलं आपोआप साठत नाही, दोन कळा एकदम दाबून सेव्ह करावं लागतं. बाबांना एका वेळी दोन कळा दाबता येत नव्हत्या; शिफ्टऐवजीही ते कॅप्स लॉकची एकच कळ दाबायचे. मी आईला शिकवायला गेले तर तिने हात मागे घेतले. "माझ्या हातून बिघडलं तर? तूच करीत जा." मग मी रोज संध्याकाळी राहनाळहून आले की दिवसभराचं सेव्ह करायची. दिवसभराचं म्हणजे असायचं तरी काय? 'पाठ खाजते.' 'शेजारच्यांचा ताप उतरला का.' 'भाजीत मीठ न्हाय.' लिहिताना 'न्हाय' ते फक्त आईसाठी लिहायचे, माझ्यासाठी 'नाही'.

दोन महिने असे गेले. लाइट जायची, लूम थांबायचे, सगळी चाळ एकदम गप्प व्हायची आणि त्या शांततेत बाबांच्या कळांचा बारीक आवाज ऐकू यायचा. शेजारीपाजारी दारात येऊन बघायचे. मला फार अभिमान वाटायचा. मी बरोबर निवड केली, असं मी सरांना दोनदा तरी ऐकवलं असेल.

त्या दिवशी लाइट गेलीच नाही.

मला ऑफिसात फोन आला तो साडेअकराच्या सुमारास, नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून. आई फोनवर नेहमीपेक्षाही मोठ्याने बोलत होती. "आगं, ते काळं झालं. ते लिवत होते आन् एकदम काळं झालं."

"लाइट गेली का?"

"न्हाय गं, लूम चालू हाएत. मी बटन दाबून बघितलं, बत्ती लागते."

"मग प्लग बघ..." असं मी म्हटलं आणि तिथेच थांबले. आमच्या खोलीत खाटेजवळ एकच प्लग होता. सकाळी ऑफिसला निघताना मी ड्रेसला इस्त्री केली होती. इस्त्रीसाठी लॅपटॉपचा प्लग काढला होता. परत लावल्याचं काही केल्या आठवेना.

"आई, किती लिहिलं होतं त्यांनी?"

"तू गेलीस तवापासनं थांबलेच न्हाय. कुशीवर करायला गेले, नाष्टा द्यायला गेले, तर मान हलवून नको म्हनले. लिवता लिवता मधेच हसायचे, मधेच डोळ्यांतनं पानी यायचं. मी म्हटलं, लिवू द्यावं."

मी अर्धी रजा टाकून रिक्षाने घरी आले. इस्त्रीची वायर प्लगमध्ये तशीच होती. दोन तासांची बॅटरी होती, ती पुरते दोन तास चालली. दुकानदाराने सुचवलेला लॅपटॉप असता तर मी प्लग काढताक्षणी बंद पडला असता. तिथेच माझ्या लक्षात आलं असतं. आमची बॅटरी चांगली होती, म्हणून तिने माझी चूक दोन तास झाकून ठेवली. संपत आल्यावर ती बारीक पीप-पीप करायची, पण भिंतीपलीकडे लूम धडधडत होते. पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत सूचनाही आली असणार. ती वाचायला आईला इंग्रजी येत नव्हतं आणि बाबांना पडदा दिसत नव्हता.

मी प्लग लावला, मशीन सुरू केलं. त्यात आदल्या संध्याकाळपर्यंतचं होतं. शेवटची ओळ, 'उद्या लवकर उठव.' म्हणजे त्यांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

संध्याकाळी सर आले. तासभर खटपट केली. मग झाकण न मिटता तसेच बसून राहिले. "सेव्ह झालंच नव्हतं, ताई. मशीनमध्ये नाहीच ते. मी आपोआप साठवायची काहीतरी सोय शोधायला हवी होती." आपल्यावर घ्यायला ते निघाले होते. मला ते बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. मी बाबांच्या खाटेशी बसले होते. सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, "बाबा, प्लग मी काढला होता. इस्त्रीसाठी. परत लावायला विसरले."

बाबांनी कळांकडे नजर वळवली. आईने त्यांचा हात कळांवर ठेवला. फार वेळ लागला. सकाळभर लिहून बोटं थकली होती. पडद्यावर आलं, 'सदर अर्ज निकाली काढण्यात आला आहे.'

ते हसत होते. त्यांच्या चेहऱ्याचे स्नायू तोवर फारसे हलत नव्हते, पण ते हसत होते हे मला आणि आईला दिसत होतं. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, पुन्हा लिहा, मी रजा काढते, दर ओळीला सेव्ह करते. त्यांनी 'बरं' असं लिहिलं. मी चार दिवस रजा काढून खाटेशी बसले. पहिल्या दिवशी त्यांनी 'अर्जदार' एवढंच लिहिलं. मग बोटं नुसतीच कळांवर ठेवून भिंतीकडे पाहत राहिले. बहुधा माझ्यासमोर त्यांना लिहायचं नव्हतं. मी उठून बाहेर गेले, बराच वेळ दारात उभी राहिले. परत आले तर शब्द तेवढाच होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी 'नंतर' असं लिहिलं. त्या महिन्याच्या शेवटी उजव्या हाताचं मधलं बोट गेलं आणि पावसाळा संपायच्या आत तर्जनीही. आई पुन्हा पाटी घेऊन बसू लागली.

दिवाळीच्या सुमारास बाबा गेले. सकाळचे नऊ वाजले होते, मी घरातच होते, आई त्यांचं अंग पुसत होती. श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही, इतकं साधं. कोर्टाबाहेरचे स्टॅम्पविक्रेते, दुसरे टायपिस्ट, ओळखीचे वकील, लूमवरचे कितीतरी कामगार आले. बुद्धवंदना झाली. मी नाव विसरलेल्या एका माणसाने मला सांगितलं की तुझ्या वडलांनी टाइप केलेल्या अर्जावर माझी खोली वाचली. मी मान हलवली. त्यांनी टाइप केलेले हजारो अर्ज लोकांकडे आणि कचेऱ्यांत पडून होते. माझ्यासाठी होता तो माझ्याकडे नव्हता.

तो माझ्यासाठीच होता, हे मला आईकडून कळलं, तेही सहा-सात महिन्यांनी. मी विचारायचं टाळत होते आणि ती सांगायचं. एक दिवस तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "त्या दिवशी वर तुझंच नाव व्हतं. मी वाचलं व्हतं. नाव, आन् खाली 'अर्जदार खालीलप्रमाने', आन् पुढचं लांब व्हतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली."

"पुढचं काहीच नाही वाचलंस?"

"न्हाय," ती म्हणाली.

पण पुढच्या वर्षी तिला एक ओळ आठवली. त्यात लिहिलं होतं म्हणे, की हिने लहानपणी बाकड्यावर बसून फार उन्हं काढली. आणखी काही महिन्यांनी, मी लग्नाला नकार देत होते तेव्हा, तिला आठवलं की बाबांनी लिहिलं होतं, हिच्यावर जबरदस्ती करू नका. नोकरी बदलताना मी घाबरले होते, तेव्हाही तिला काही आठवलं. प्रत्येक वेळी ती हातातलं काम न थांबवता, माझ्याकडे न बघता सांगायची. आणि प्रत्येक वेळी ते वाक्य बाबांच्या कचेरीतल्या मराठीत नसायचं, आईच्याच बोलीत असायचं.

पहिल्यांदा मला राग आला होता. कुकरची शिट्टी झाली म्हणालीस ना, असं तोंडावर आलं होतं. पण ती तेव्हाही तांदूळच निवडत होती, एकेक खडा बाजूला टाकत होती. मी काही बोलले नाही. नंतरही कधी नाही. ती सांगायची आणि मी म्हणायची, "असं लिहिलं होतं होय," आणि ती म्हणायची, "मंग काय."